वाळवीचं गाडगं

माझ्या शेडवर येणारी तरुण पोरं चपला काढायच्या आधीच विचारतात, "काका, खाद्यात काय टाकता?" त्यांना पावडरीचं नाव हवं असतं; जमलं तर डब्याचा फोटोही. लातूरहून नांदेडला जाताना अहमदपूर मागं पडलं की लोहा तालुक्यातली मुरमाड रानं सुरू होतात, तिथं माझं लाव्ह्यांचं शेड आहे. पाच आठवड्यांत पाखरं वजनावर येतात, मर फार नसते, नांदेडच्या देगलूर नाक्याकडची हॉटेलवाली मंडळी आधीच फोन करून माल सांगून ठेवतात. एवढं पाहिल्यावर काहीतरी गुपित असणार असं कुणालाही वाटेल. मी मका, सोयाबीनची पेंड, मिथिओनिन, खनिज मिश्रण असं सगळं प्रमाणासकट सांगतो. पोरं लिहून घेतात आणि तरी थोडी खट्टू होऊन जातात. या खाद्यातला एकेक जिन्नस कुणा ना कुणा माणसाच्या हातून माझ्याकडं आला, हे त्यांना सांगायचं राहून जातं. ती माणसं नाव छापून आलं तर रागावतील अशी आहेत, म्हणून इथंही नावं घेत नाही.

पाखराबद्दल आधी थोडं. नांदेडच्या बाजारात त्याला बटेर म्हणतात, आमच्या रानात लावा. माझ्याकडचा लावा मात्र जपानी. जपानात तो आधी आवाजासाठी पाळला, पुढं अंड्यांसाठी आणि मांसासाठी. आपल्या देशात तो १९७४ साली कॅलिफोर्नियातून आला, आणि बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था सुरू झाल्यावर तिथं त्याचे आपल्या हवेला मानवणारे वाण तयार झाले. १९९० साली मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकावर याच जातीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती. ही गोष्ट माळाकोळीच्या बाजारात सांगितली की लोक आधी माझ्याकडं आणि मग एकमेकांकडं बघतात.

अंडं दहा-बारा ग्रॅमचं, सतरा-अठरा दिवसांत फुटतं. पिल्लू सात-आठ ग्रॅमचं. पहिल्या आठवड्यात ते तिपटीच्या आसपास जातं आणि पाच आठवड्यांनी १८० ते २०० ग्रॅम भरतं. इतक्या घाईनं वाढणाऱ्या जिवाला काही कमी पडलं तर ते दोन दिवसांत दिसतं, आणि पुढं कितीही ओता, ते भरून निघत नाही. कोंबडीचं पिल्लू जरा सांभाळून घेतं. लाव्ह्याचं पिल्लू घेत नाही.

शेड टाकायच्या आधी मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी होतो. लातूर म्हणजे सोयाबीनचं गाव. हंगामात पहाटेपासून पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि तेलाच्या गिरण्यांतून निघालेली पेंड ट्रकनं देशभर जाते. तिथल्या एका म्हाताऱ्या मापाड्यानं मला पेंड ओळखायला शिकवलं. शाळा त्याची चौथीपर्यंतही झाली नसावी. मूठभर पेंड माझ्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "दिवाणजी, डोळे मिटा अन् नुसता वास घ्या." हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास आला तर ती नीट भाजलेली नाही. करपट वास आणि चहाच्या भुकटीसारखा रंग असेल तर जादा भाजली. फिकट सोनेरी आणि फुटाण्याच्या जवळ जाणारा वास असला की तो मान हलवायचा. मी तेव्हा हे गंमत म्हणून ऐकत होतो. पाखरं पाळीन असं स्वप्नातही नव्हतं. त्या मुठीनं पुढं माझे किती लॉट वाचवले हे त्याला कधी सांगता आलं नाही. मी मोंढा सोडला त्याच सुमारास तोही गावाकडं गेला.

वासामागचं कारण मला उदगीरच्या डॉक्टरांनी दाखवलं. 'सांगितलं' असं मुद्दाम लिहीत नाही, कारण ते सांगायचे कमी. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ साली सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या काळातले ते विद्यार्थी. सारी नोकरी देवणी आणि लाल कंधारी जनावरांत काढून निवृत्तीनंतर उदगीरला राहिले होते. सकाळी तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जायचे, दुपारी आमच्यासारख्यांच्या शेडवर. फी विचारली की चिडायचे. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडं ब्रॉयलर कोंबडीचं तयार खाद्य होतं, कारण आमच्या भागात लाव्ह्याचं वेगळं खाद्य मिळतच नव्हतं. एकाच वयाची पाखरं, पण काही गुबगुबीत तर काही कबुतराच्या पिलाएवढीही नाहीत. मी विचारलं, "डॉक्टर, कोणतं टॉनिक देऊ?" त्यांनी उलट विचारलं, "वजन किती आहे?" मी म्हणालो, कमीच दिसतंय. "दिसतंय नको. काटा आण."

काटा आणला तो सोनाराच्या दुकानातला शोभावा असा, ग्रॅमचाही भाग दाखवणारा, आणि तोही त्यांनीच उदगीरहून आणून दिला. पैसे घेतले नाहीत. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, खाद्य घालायच्या आधी, मूठभर पाखरं न निवडता उचलायची आणि तोलायची. न निवडता यावर त्यांचा भारी कटाक्ष. हात आपोआप चांगल्या पाखराकडं जातो म्हणून ते मला तोंड फिरवून उचलायला लावायचे.

मग एक दिवस त्यांनी माझ्याच शेतातल्या युरियाच्या पोत्यातून चिमूटभर युरिया घेतला, कुटलेल्या पेंडीबरोबर पाणी घालून औषधाच्या रिकाम्या बाटलीत कालवला, बूच लावलं आणि चहा मागितला. चहा झाल्यावर बाटली माझ्या नाकाशी धरून बूच काढलं. अमोनियाचा झणका थेट डोक्यात गेला. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचा अमोनिया करणारं एक विकर असतं आणि तिथंच प्रथिनं पचू न देणारा दुसरा पदार्थही असतो; नीट उष्णता दिली की दोन्ही मरतात. पहिला जिवंत असला की दुसराही आहे असं धरायचं. पेंड वाजवीपेक्षा जास्त भाजली तर बाटलीत वास येत नाही, पण प्रथिनातलं लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं आणि पाखराच्या उपयोगाचं राहत नाही. मापाड्याचे हिरवट आणि करपट हे दोन वास माझ्यासमोर पुन्हा उभे राहिले. डॉक्टरांना त्याच्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, "त्याला माझा नमस्कार सांग. माझी बाटली अर्धाच आजार ओळखते, तो दोन्ही ओळखायचा."

त्यांच्या खिशात घडी घातलेला एक कागद असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९४ साली पक्ष्यांच्या पोषणाचं जे कोष्टक छापलं, त्यातली लाव्ह्याची ओळ त्यांनी हातानं उतरवून घेतली होती. वाढत्या पाखराला २४ टक्के प्रथिनं, १.३ टक्के लायसिन, अर्धा टक्का मिथिओनिन. अंड्यावरच्या मादीला प्रथिनं २० टक्के पुरतात, पण कॅल्शियम अडीच टक्के लागतं. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात प्रथिनं याहून कमी पडत होती. पेंड वाढवली की प्रथिनाचा आकडा गाठता येतो, पण सोयाबीनमध्ये मिथिओनिन मुळातच थोडं. ते वरून घालावं लागतं, पोत्याला काही ग्रॅम. माझ्या खाद्यात वरून पडलेली पहिली पांढरी भुकटी ती. तिचा डबा साधा, त्यावर कोंबड्याचं चित्रसुद्धा नव्हतं. दुसरी आली फायटेज. मका आणि पेंडीतला बराचसा फॉस्फरस अशा रूपात बांधलेला असतो की पाखराला तो सोडवता येत नाही. हे विकर तो सोडवून देतं. भरडा किती बारीक असावा यावर मात्र डॉक्टर तासभर बोलू शकत, आणि बोलतही.

एवढं करूनही पहिल्या आठवड्यातली मर थांबत नव्हती. पिलांना ऊब देणाऱ्या ब्रूडरमध्ये ३५ ते ३७ अंश उष्णता होती, पाणी स्वच्छ होतं, खाद्य कोष्टकाप्रमाणं होतं. काही पिल्लं खाद्याच्या कागदावर उभी राहून उपाशी मरायची. डॉक्टर म्हणाले, "हे माझ्या कागदात नाही."

ते जिथं होतं तो माणूस मला माळेगावच्या यात्रेत भेटला. मार्गशीर्षात खंडोबाची ही यात्रा भरते. जनावरांचा, घोड्यांचा बाजार, सगळ्या मराठवाड्यातून लोटलेली माणसं. मी पिंजऱ्यात थोडे लावे घेऊन बसलो होतो. एक म्हातारा फासेपारधी नातवाचा हात धरून समोर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. विकत घेणाऱ्याची नजर वेगळी असते. त्यानं विचारलं, "मालक, याची मादी खुडूक बसत नाही वाटतं?" बरोबर होतं. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून जपानी लाव्ह्याची मादी अंडी उबवायचं विसरली आहे. मी म्हणालो, मशीनमध्ये उबवतो. "मग पिलाला खायाला कोण शिकवतं?"

या प्रश्नानं मी त्यांना शेडवर घेऊन आलो. आबा म्हणायला लागलो ते तेव्हापासून.

फासेपारध्यांविषयी आमच्या भागात जे बोललं जातं ते मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्यांना ते पाठ आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं माणसांच्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि १९५२ साली कागदावरचा तो शिक्का पुसला गेला. त्यानंतर २० वर्षांनी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. रानातला लावा, तित्तर पकडणं गुन्हा झालं. ते योग्यच झालं, आबाही तसंच म्हणायचे. पण घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे, लाव्ह्याच्या चालीचा अंदाज, कुठल्या पिकात कोणत्या महिन्यात जोडी उतरते याची माहिती हे सगळं त्या दिवसापासून सांगायलाही नको असं झालं. जपानी लाव्ह्याला पुढं कायद्यातून वगळलं, म्हणून माझा धंदा सरळ. आबांना ज्याची चोरी होती तेच पाखरू मी पावती फाडून विकत होतो.

शेडवर आल्यावर त्यांनी कशालाच हात लावला नाही. ब्रूडरशेजारी पोतं टाकून सकाळभर बसले. दुपारी म्हणाले, "रानातलं पिल्लू पयल्या दिसांत दाण्याकडं बघत बी न्हाई. हालतं ते खातं. किडा, मुंगी, वाळवी. तुमचा दाणा मेल्यावानी पडून हाय, त्याला ते खाणं कसं म्हणंल?" मग त्यांनी बोटाच्या टोकानं कागदावर टकटक केली, आणि घशातून एक बारीक, तुटक आवाज काढला. अंगाचं मुटकुळं करून बसलेली पिल्लं धावत आली आणि बोट पडेल तिथं टोचायला लागली. त्यातल्या काहींनी आयुष्यातला पहिला दाणा तेव्हा खाल्ला. मी तो आवाज पुष्कळ वेळा काढून पाहिला आहे. माझ्या आवाजाला पिल्लं लांब पळतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडगी मागितली. आत ओलसर शेण, कडब्याचा चुरा, जुनं पोतेरं घालून ती वाळवीच्या जागेवर पालथी घातली आणि रात्रभर तशीच ठेवली. पहाटे उचलली तर आत पांढरी वाळवी गजबजलेली. गाडगं लावायच्या आधी मात्र ते शेताच्या मालकाला विचारून यायचे की इथं औषध मारलंय का. वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस ओतलेल्या रानात त्यांनी एकदाही गाडगं ठेवलं नाही. ती वाळवी सगळ्या लॉटला पुरणं शक्यच नव्हतं. ती फक्त मागं पडलेल्या पिलांपुढं झटकायची. हलणारं काही दिसलं की ती चोच मारतात, एकदा चोच मारायला लागली की शेजारचा दाणाही उचलतात, आणि दोन दिवसांनी त्यांना ओळखून काढणं अवघड होतं. पाण्याच्या थाळीत त्यांनी ओढ्यातल्या गारगोट्या भरल्या. नखाएवढं पिल्लू थाळीत पडून बुडतं, भिजलं तर गारठून मरतं. पुस्तकातही पाण्यात गोट्या टाका असं असतं. मी ते नंतर वाचलं.

डॉक्टर आले तेव्हा आबा गाडगं झटकत होते. डॉक्टरांनी वाळवी पाहिली, पिल्लं पाहिली, आणि स्वतःची खुर्ची उचलून आबांकडं सरकवली. आबा बसेनात. "आबा, तुम्ही बसल्याशिवाय मी बोलायला सुरुवात करणार नाही," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ते कडेला टेकले. त्या दिवशी डॉक्टरांनी मला एक शब्द विचारला नाही. रानात पिल्लू किती दिवस किडा खातं, दाण्यावर कधी येतं, हिरवं कधी टोचतं, खडे का गिळतं, असं विचारत आणि वहीत उतरवत राहिले. मग खिशातला कागद उलगडून मला म्हणाले, "हे बघ, २४ टक्के कुठून आले ते. वाळवी सुकवली तर तिच्यात मोठा भाग प्रथिनांचाच. आई पिलाला रानात हेच कोष्टक चारते." त्यानंतर आम्ही खाद्य दोन टप्प्यांत केलं. पहिले तीन आठवडे प्रथिनं भरपूर, भरडा रव्यासारखा बारीक, मिथिओनिन मोजून. पुढं मका थोडा वाढवून खर्च कमी. तिसऱ्या आठवड्यात नराच्या छातीवर तांबूस पिसं येतात, मादीच्या छातीवर काळे ठिपके. तिथून दोघांचे पिंजरे वेगळे, कारण मादी वजनाला भारी होते आणि तिला पुढं कॅल्शियम लागतं.

पगाराचं ठरवताना आबा एकाच गोष्टीवर अडले. आठवड्याचा आठवड्याला द्या, उचल नको. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी माणसं उचल घेतात आणि हंगामभर बांधली जातात, ते त्यांनी घरात पाहिलं होतं. मी सणाला चार पैसे जास्त पुढं केले तर ते पुढच्या आठवड्यातून वळते करून घ्यायला लावायचे. त्यांच्याकडं माझं कधी एक रुपयाही येणं राहिलं नाही. उलट बाजूचा हिशेब मी मांडायला गेलो तर ते विषय बदलून पाऊस कधी पडणार ते सांगायचे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. १२ एप्रिलला पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आलं ते टीव्हीवर साऱ्या देशानं पाहिलं. आमच्या वाडीवर रेल्वे नव्हती, टँकर होता, आणि तो वेळेवर यायचा असं नाही. शेजारच्या शेतातल्या आक्कांच्या बोअरला करंगळीएवढी धार होती. स्वतःच्या म्हशी त्यांनी पाहुण्यांकडं पाठवल्या आणि रोज सकाळी दोन घागरी माझ्या शेडच्या दारात ठेवल्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "म्हशी चालत गेल्या. पाखरं कुठं जातील?" डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं की खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावरच घाल, पचनाची उष्णता दुपारी अंगात नको, पाण्यात क जीवनसत्त्व आणि क्षार टाक. टाकले. पण ते कालवलं होतं आक्कांच्या पाण्यात.

वाढीची औषधं विकणारा एक जण त्याच सुमारास यायला लागला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याच्या पुडीत कॉलिस्टिन हे प्रतिजैविक होतं. थोडं थोडं रोज खाद्यात दिलं की पाखरं वाढतात, मरत नाहीत असं तो सांगायचा. डॉक्टरांनी पुडी वाचली आणि गप्प बसले. त्यांच्या एका नातलगाच्या अंगात कुठलंच प्रतिजैविक लागू पडत नव्हतं तेव्हा दवाखान्यात अखेरचं म्हणून हेच औषध दिलं होतं, असं त्यांनी बऱ्याच वेळानं सांगितलं. युरोपात वाढीसाठी प्रतिजैविकं खाद्यात घालायला १ जानेवारी २००६ पासून बंदी आहे. आपल्याकडं जनावरांसाठी कॉलिस्टिन २०१९ च्या जुलैमध्ये बंद झालं. माझ्या शेडवर ते त्या दुपारीच बंद झालं, सुरू व्हायच्या आधी.

डॉक्टर आता नाहीत. आबांना दिसत नाही फारसं, पण ब्रूडरशेजारी बसून आवाजावरून सांगतात की उष्णता कमी पडलीय की जास्त. गारठलेली पिल्लं कलकलाट करत एका जागी ढीग करतात, तापलेली चोच उघडून भिंतीकडं सरकतात. बरोबर असली की विखरून, बारीक कुजबुजत खातात. आबांची सून आता सगळा ब्रूडर बघते, वजनाची वहीही तिच्याकडंच. ती बारावीपर्यंत शिकली आहे आणि वहीत खाडाखोड केलेली तिला चालत नाही. या वर्षी तिनं मला हळदीवरून धारेवर धरलं आहे.

हळद माझी हौस. वसमतला दिलेली माझी बहीण दर वर्षी हळद पाठवते, शिजवून वाळवलेली अखंड हळकुंडं. बहिणीचीच बरी, कारण हळदीत पिवळेपणासाठी शिशाचं विष मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत. ती दळून मी खाद्यात थोडी टाकतो. लाव्ह्यांवर हळदीचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. कुठं वाढ चांगली निघाली, कुठं काहीच फरक दिसला नाही, आणि हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात उतरतं फार थोडं. डॉक्टर असताना म्हणायचे, टाक, तुझ्या बहिणीची आहे, पण वजनात दिसल्याशिवाय तिचं नाव माझ्यापुढं घेऊ नको. सून तेवढीही सूट देत नाही. "काका, मागच्या लॉटला हळदीच्या कप्प्यात अन् बिनहळदीच्या कप्प्यात काही फरक न्हाई. पाखरं तुम्ही उचलली होती का मी?" मी उचलली होती. "तोंड फिरवून?" मी आबांकडं पाहिलं, ते हसू दाबत होते. या लॉटला कप्पे तिनं पाडले आहेत, कोणत्यात हळद आहे ते मला सांगितलेलं नाही, आणि शनिवारी सकाळी खाद्याआधी वजन करायचं ठरलं आहे. बहिणीचा फोन आला की मी पिकाविषयी बोलतो.